आयसिंगला हवा मानवली पाहिजे

गेल्या वर्षी जुलैत भाचीच्या वाढदिवसासाठी मी चोवीस शुगर कुकीज केल्या. डोंबिवलीतलं घर, बाहेर तीन दिवस झड लागलेली. चांदणीचा आकार, वर निळं आयसिंग, कडेनं पांढरी बारीक रेघ. रात्री अकरा वाजता शेवटची कुकी जाळीवर ठेवली, पंखा लावला आणि झोपले. सकाळी बोट लावून पाहिलं तर आयसिंग बोटाला आलं. निळा रंग पांढऱ्या रेघेत उतरून तिथं धुरकट डाग पडले होते. तशाच डब्यात भरल्या. संध्याकाळी डबा उघडला तेव्हा दोन-दोन कुकीज एकमेकींना चिकटलेल्या, आणि सोडवताना एकीचं आयसिंग सोलून दुसरीवर गेलं. त्याच वर्षी जानेवारीत हीच कृती, हेच सामान आणि हाच ओव्हन वापरून केलेल्या कुकीज चार-पाच तासांत खडखडीत वाळल्या होत्या. बदलली होती ती फक्त हवा.

तेव्हापासून शुगर कुकीवर जे मिळेल ते वाचत आणि करून पाहत आले आहे. मैद्याचे ग्रॅम, ओव्हनचं तापमान, भाजायची मिनिटं, आयसिंगचा दाटपणा, सगळं अगदी काटेकोर लिहिलेलं सापडतं. स्वयंपाकघरातली हवा कशी आहे हे जवळजवळ कुठेच नसतं. याचं कारण सरळ आहे. या कृती बहुतेक थंड, कोरड्या देशांतल्या डिसेंबरात, हीटर लावलेल्या घरांत लिहिल्या गेल्या. तिथं लोणी ओट्यावर तासभर ठेवलं तरी घट्टसर राहतं आणि आयसिंग आपोआप वाळतं. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. म्हणून कुकी घरी करण्याच्या सगळ्या प्रश्नाकडे मी इथं हवेच्या बाजूनं पाहणार आहे.

हा पदार्थ मुळात फार साधा: मैदा, लोणी, साखर, एखादं अंडं. कणीक लाटायची, साच्यानं कापायची, भाजायची. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १७४० साली मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी वसवलेलं नाझरेथ नावाचं गाव आहे. शुगर कुकी आमचीच, असं ते गाव मानतं. पण ‘कुकी’ हा शब्द डचांचा, छोटा केक या अर्थाचा, आणि छापील पुरावा शोधायचा तर १७९६ साली हार्टफर्डला निघालेल्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकाकडे जावं लागतं. अमेलिया सिमन्सच्या या पुस्तकात नाताळच्या कुकीची कृती आहे: तीन पौंड पीठ, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर, फुगण्यासाठी लाकडाच्या राखेपासून केलेला क्षार, आणि चहाच्या कपानं मोजून कपभर धण्यांची पूड. धणे वाचून मी थबकले. मसाल्याशिवाय धण्यांना आपल्याकडे काम आहे ते मुखवासात, आणि इथं ते चक्क कुकीत. त्याहून महत्त्वाचं आहे ते कृतीचं शेवटचं वाक्य. बाई सांगते की कुकी आधी कडक आणि कोरडी लागते, पण मातीच्या भांड्यात घालून तळघरात किंवा ओलसर खोलीत ठेवली तर सहा महिन्यांनी ती मऊ आणि अधिक चांगली होते. म्हणजे साखर हवेतलं पाणी ओढून घेते हे सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिला नीट माहीत होतं आणि ती ते कामाला लावत होती. सिमन्सबाईच्या कुकीवर आयसिंग नव्हतं, म्हणून ओल तिची मैत्रीण होती. आयसिंग आलं आणि तीच ओल शत्रू झाली.

आयसिंगनं नक्षी काढण्याची परंपरा मधाच्या भाकरीवजा केकांवर आधीपासून होती. जर्मनी, हंगेरी, क्रोएशिया या पट्ट्यात ती अजून जिवंत आहे. क्रोएशियातल्या लाल हृदयाच्या आकाराच्या ‘लिचितार’ची कला युनेस्कोनं २०१० साली आपल्या वारशाच्या यादीत घेतली. आज कुकीवर वापरतात ते कडक वाळणारं ‘रॉयल आयसिंग’ म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर. त्याचं नाव राणी व्हिक्टोरियाच्या १८४० मधल्या लग्नाच्या केकशी जोडलं जातं.

आपल्याकडचा धागा वेगळा आहे, पण आहे. पुण्यात कयानी बेकरी १९५५ पासून जे श्रूजबरी बिस्किट विकते, त्याचं नाव इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावाच्या जुन्या बिस्किटावरून आलं, आणि ते शुगर कुकीच्या अगदी जवळच्या नात्यातलं आहे. लोणी, साखर, मैदा, वर काही नाही. आणि नानकटाई तर घराघरातली. मे महिन्यात तूप, मैदा, रवा, पिठीसाखर पिशवीत घालून बेकरीत द्यायची आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून आणायचा, हे माझ्या पिढीनं पाहिलं आहे. घरी तूप परातीत तळहातानं फेसून कोणी गोळे वळून दिले तर भट्टीवाला फक्त भाजून द्यायचा. गोव्यात आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळात काजूचं मारझिपान साच्यांत घालून फुलं, पानं, मासे काढतात, त्यावर रंग भरतात. म्हणजे भट्टीचा पदार्थ, साचा आणि साखरेची सजावट या तिन्ही गोष्टी आपल्याकडे होत्याच, फक्त एका ताटात आलेल्या नव्हत्या.

आता कणकेकडे. इथं जाणकारांत मतभेद आहेत, पण एका गोष्टीवर एकमत आहे: सजवायची कुकी पसरता कामा नये. साच्यानं कापलेल्या चांदणीची टोकं भाजल्यावर टोकंच राहायला हवीत आणि वरचा पृष्ठभाग सपाट हवा, नाहीतर आयसिंग उतारानं एका बाजूला जातं. म्हणून बेकिंग पावडर एकतर नाही, किंवा चिमूटभर. म्हणूनच नानकटाईची सवय इथं आड येते. नानकटाईत तूप जितकं फेसाल तितकी ती हलकी, भेगाळ होते. या कुकीत लोणी आणि साखर जेमतेम एकजीव झाली की थांबायचं, कारण फेसताना अडकलेली हवा ओव्हनमध्ये फुगते, आणि फुगलेली कुकी नंतर बसताना बाजूला पसरते.

प्रमाण म्हणून माझ्याकडे आता ठरलं आहे: ३६० ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम लोणी, १८० ग्रॅम पिठीसाखर आणि एक अंडं. अंडं नको असेल तर अडीच-तीन मोठे चमचे दूध. अंड्याचं वजन पन्नास ग्रॅम धरलं तर त्यातलं तीन चतुर्थांश पाणीच असतं, म्हणून दुधानं कणीक बांधली जाते आणि फारसं बिघडत नाही. अंड्याच्या कुकीला किंचित जास्त ताकद असते, वाहतुकीत ती कमी मोडते, एवढा फरक मी मान्य करेन. पण अंड्याशिवाय शुगर कुकी होतच नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

हे सगळं वजनात लिहिलं याचंही कारण आहे. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० पासून मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापाची शिस्त लावली, आणि भाजी-आमटी-लाडवांना ते माप पुरतं. मैद्याला पुरत नाही. चाळून हलक्या हातानं भरलेली वाटी आणि डब्यात खुपसून दाबून भरलेली वाटी यांत पाचवा हिस्साही फरक पडू शकतो. चकलीत तो फरक पाण्यानं सांभाळता येतो. कुकीत पाणी घालून सांभाळायला गेलं की चिवट होते. छोटा डिजिटल काटा घ्या. बाकी महागड्या सामानाआधी तो घ्या.

लोण्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण आपल्या हवेचा पहिला फटका इथं बसतो. बाजारातलं पिवळं टेबल बटर मीठ घातलेलं असतं. ते वापरलं तर कणकेत वेगळं मीठ घालू नये. बिनमिठाचं मिळालं तर उत्तम. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी बहुतांश पाणी. तुपात पाणी जवळजवळ नसतं. म्हणून तुपाची नानकटाई तोंडात विरघळते आणि लोण्याची कुकी खुटकन मोडते. पाणी मैद्यातल्या ग्लुटेनला थोडं बांधून ठेवतं, तोच तिचा कणा असतो. तूप घालून सजावटीची कुकी करायची हौस मला होती. तीन वेळा केली. चव फार सुंदर आली, पण कातरलेल्या कडा भाजताना ढासळल्या. सजवायची असेल तर लोणीच हवं, हे आता माझं मत पक्कं झालं आहे. तुपाची हौस नानकटाईत भागवावी.

लोणी विशीच्या पुढच्या तापमानात मऊ होत जातं आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळतं. ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणा’ हे कृतीतलं वाक्य ज्या खोलीसाठी लिहिलं ती वीस-एकवीस अंशांची होती. मे महिन्यात नागपूर-अकोल्याचं स्वयंपाकघर सोडाच, पुण्याचंही दुपारी तिसाच्या वर असतं. तिथं खोलीच्या तापमानाचं लोणी म्हणजे तेल. आपल्याकडे ते वाक्य असं वाचावं: फ्रिजमधून काढलेलं लोणी दहा मिनिटांत वापरायला घ्या, बोट दाबलं तर खळगा पडावा पण बोट तुपकट होऊ नये.

कणीक मळू नये, नुसती एकत्र करावी. शंकरपाळ्यांना मोहन घालून पीठ चोळल्यावर मुठीत मुटका होतो का पाहतो, तसंच इथं पाहायचं. मुटका झाला की थांबायचं. मग दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून लगेच लाटायची, आधी फ्रिजमध्ये गोळा ठेवून नंतर नाही. गार, दगडासारखा गोळा लाटताना कडेला चिरतो. आधी लाटून मग ती पोळी ताटासकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की साचा लख्ख कापतो. जाडी सहा मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवलं तर हाताच्या अंदाजावर काही सोडावं लागत नाही. कापलेले आकार पुन्हा पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये, आणि तिथून थेट गरम ओव्हनमध्ये.

ओव्हनवर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. ओटीजी असेल तर १७० अंश, दहा ते बारा मिनिटं, मधल्या कप्प्यात, अर्ध्या वेळेनं ट्रे फिरवून. कडेला जेमतेम गव्हाळ रंग आला की काढायच्या. काचेचं झाकण असलेला ॲल्युमिनियमचा जुना गोल ओव्हन ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांच्याकडेही कुकी छान होते. शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये किंवा कढईत मीठ तापवून त्यावर ताटली ठेवून भाजायची पद्धत २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोहोचली. तिनं नानकटाई उत्तम होते, पण सपाट पृष्ठभाग हवा असलेल्या कुकीला खालूनच जास्त आच लागते आणि वरची बाजू फिकी राहते. चालते, शोभत नाही.

आता आयसिंग, जिथं या सगळ्या प्रश्नाची खरी गाठ आहे.

पहिला वाद अंड्याचा. कच्च्या पांढऱ्या बलकात साल्मोनेलाचा धोका असतो. लहान मुलं, गरोदर बाया आणि वयस्क माणसं खाणार असतील तर तो पत्करू नये. बलक आणि थोडी साखर गरम पाण्यावरच्या भांड्यात ढवळत ७१ अंशांपर्यंत नेली तर धोका जातो, पण त्याला थर्मामीटर हवा. सोपा मार्ग म्हणजे मेरिंग पावडर, म्हणजे वाळवलेला बलक. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केकसामानाच्या दुकानांत ती मिळते. अंडं न खाणाऱ्या घरांसाठी उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. २०१४ साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी दाखवलं की कडधान्य शिजवलेलं पाणी बलकासारखं फेसता येतं, आणि पुढच्या वर्षी गूस व्होल्ट या अमेरिकन माणसानं काबुली चण्याच्या पाण्याचा मेरिंग करून त्याला ‘ॲक्वाफाबा’ हे नाव दिलं. छोल्यांचं पाणी आपण कटासारखं वापरतो किंवा ओतून देतो. मीठ आणि सोडा न घालता चणे शिजवावेत, ते पाणी आटवून अंड्याच्या बलकाइतकं दाट करावं, गार करावं. तीन मोठे चमचे पाण्याला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा लिंबाचा रस आणि थोडा व्हॅनिला. चण्याचा वास लिंबात आणि व्हॅनिलात पूर्ण झाकला जातो. मी हे पाच-सहा वेळा केलं आहे. बलकाच्या आयसिंगपेक्षा ते वाळायला थोडं जास्त वेळ घेतं, पण वाळल्यावर फरक सांगता येत नाही. दूध-पिठीसाखरेचा सोपा लेप लहान मुलांच्या हातात द्यायला ठीक, मात्र तो खऱ्या अर्थानं कधीच कडक होत नाही, हे आधीच समजून घ्यावं.

पिठीसाखर मिक्सरमध्ये घरी काढलेली असेल तर मलमलच्या फडक्यातून गाळा. बारीक चाळणीतूनही सुटणारा एक कण आयसिंगच्या कोनाच्या टोकाशी अडकतो आणि रेघ तुटते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा कॉर्नस्टार्च असतो. घरच्या साखरेत चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळलं तर तेच काम होतं.

दाटपणा मोजायची जगभर एकच युक्ती आहे आणि ती चांगली आहे. आयसिंगवरून सुरी ओढायची आणि चरा किती आकड्यांत भरून येतो ते मोजायचं. दहा-बारा आकड्यांत भरला तर पृष्ठभाग भरायला योग्य. विसाच्या पुढे गेला तर कडेची रेघ काढायला. भरतच नसेल तर फुलं-पाकळ्यांना. कोन हातात धरायचं मात्र आपल्याला कोणी शिकवायला नको. मेंदीच्या कोनावर हात बसलेल्या मुलीला पहिल्या दिवशी सरळ रेघ येते. फरक एवढाच की मेंदीचं टोक त्वचेला टेकवून ओढतात. आयसिंगचं टोक कुकीला टेकवायचं नाही. बोटभर वर उचलून धागा हवेत लोंबू द्यायचा आणि हात पुढे नेत तो जागेवर ठेवायचा. रांगोळीची रेघ चिमटीतून जशी वरून सोडतो, नेमकं तसंच. मी हे माझ्या शेजारच्या काकूंना एकदा सांगितलं. चाळीस वर्षं दारात रांगोळी काढणाऱ्या त्यांच्या हातानं पहिल्याच कुकीवर वेलबुट्टी उतरली, वळणावर कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही.

वेल उतरली, पण वाळणार कशी? साखरेचे स्फटिक साधारण ८५ टक्के आर्द्रतेपर्यंत टिकून राहतात. हवा त्याहून दमट झाली की साखर हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागते. जुलै-ऑगस्टात मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजीची हवा या रेषेच्या आसपास किंवा पलीकडे असते. म्हणजे त्या हवेत उघड्यावर ठेवलेलं आयसिंग वाळतच नाही, कितीही तास ठेवा. पंखा लावल्यानं तीच ओली हवा फिरत राहते. चकाकी यावी म्हणून कृतींमध्ये लिक्विड ग्लुकोज किंवा मध घालायला सांगतात. तो घातला की ही रेषा आणखी खाली येते, म्हणजे साठ-सत्तर टक्क्यांच्या हवेतही आयसिंग चिकट राहू शकतं. पावसाळ्यात ग्लुकोज पूर्ण वर्ज्य. रंग उतरण्याचं कारणही हेच. वाळायला वेळ लागला की ओल्या गडद भागातलं पाणी रंग घेऊन शेजारच्या फिक्या भागात शिरतं. माझ्या चांदण्यांचं नेमकं हेच झालं होतं.

उपाय आहेत. कुकीवर भरण थर घातला की लगेच किंचित कोमट ओव्हनमध्ये, म्हणजे हात आत ठेवला तर सुखद वाटेल इतक्याच उबेत, दार थोडं उघडं ठेवून वीस मिनिटं ठेवायच्या. वर पापडी धरते. त्याहून जास्त ऊब दिली तर कुकीतलं लोणी वर येऊन आयसिंगवर तेलाचे ठिपके पडतात. मग कुकी एसी लावलेल्या बंद खोलीत, एसी ‘ड्राय’वर ठेवून, रात्रभर. एसी नसेल तर लोखंडी कपाटाच्या एका कप्प्यात, खायच्या वस्तूंसाठीचे सिलिका जेलचे पुडे भरपूर ठेवून. भरण पूर्ण वाळल्याशिवाय वरची नक्षी काढू नये. फ्रिजमध्ये तर चुकूनही नको. बाहेर काढल्याबरोबर त्यावर दव धरतं.

हे सगळं करूनही मी म्हणेन की पावसाळ्यात आयसिंगची कुकी करू नये. हे माझं म्हणणं साताऱ्याच्या आत्यानं मला लहानपणीच दाखवलेलं होतं, मला ते कळायला चाळीस वर्षं लागली. ती संक्रांतीचा हलवा करायची. पौषातली पहाट, शेगडीवर मंद निखारे, वर कल्हईची परात. परातीत मूठभर तीळ. शेजारी एकतारी पाकाचं पातेलं. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा आणि बोटांनी हलकेच गोल फिरवत राहायचं, पाक सुकेपर्यंत. मग पुढचा चमचा. असे दिवसभर, दोन-दोन दिवस. हळूहळू प्रत्येक तिळावर साखर चढते आणि तिला काटे फुटतात. आत्याच्या बोटांची टोकं लाल झालेली असायची. दुपारी आभाळ आलं तर ती परात शेगडीवरून उतरवायची, फडक्यानं झाकायची आणि म्हणायची, आज काटा येणार नाही. काटा येण्याला थंडी लागते आणि कोरडी हवा लागते, हे तिला आर्द्रतामापक न बघता माहीत होतं. मग त्या हलव्याचे दागिने व्हायचे, नव्या सुनेला, वर्षाच्या बाळाला. नंतर आम्ही मुलं त्यातला हलवा तोडून खायचो.

आपल्या सणांकडे या नजरेनं पाहिलं तर एक गोष्ट लख्ख दिसते. साखरेचे कोरडे दागिने आपण मुख्यतः दोन वेळा करतो: पौषात हलवा आणि चैत्रात गुढीच्या गाठी. दोन्ही पावसाच्या आधीचे. श्रावण-भाद्रपदात येतात ते मोदक, पुरणपोळी, पातोळ्या, ओले, ताजे खाऊन संपवायचे. साखरेची सजावट कोरड्या महिन्यांत करायची, ही समज इथं पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. शुगर कुकी आली ती नाताळ घेऊन, आणि नाताळ सुदैवानं आपल्याकडेही कोरड्या दिवसांत येतो. वाढदिवसांना आणि राखीला ऋतू नसतो, अडचण तिथं होते. जुलैतल्या वाढदिवसाला आयसिंग न घालता कुकी करा. कणकेत दोन रंग करून चक्राकार गुंडाळी करा, वर दाणेदार साखर भुरभुरून भाजा, साच्याचा ठसा उमटवा. मुलांना कमी आवडत नाही, हे मी यंदा पाहिलं.

रंगांबद्दल दोन शब्द. भारतात खाद्यपदार्थांत वापरायला आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि त्यांनाही प्रमाणाची मर्यादा आहे. डबीवर रंगाचं नाव आणि एफएसएसएआयचा क्रमांक नसेल तर ती डबी घरात आणू नये. त्यातला एरिथ्रोसिन हा गुलाबीसर लाल रंग अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये खाण्यातून बाद करायचं ठरवलं. लहान मुलांसाठी करताना मी तो टाळते. गडद काळा किंवा लाल रंग हवा असेल तर रंग ओतत बसू नये. आयसिंग एक रात्र झाकून ठेवलं की रंग आपोआप खुलतो. घरगुती रंगांची हौस असेल तर त्यांचा स्वभाव ओळखा. बीटाचा गुलाबी आयसिंगमध्ये सुंदर दिसतो, कणकेत भाजला की मातकट होतो. गोकर्णाच्या फुलांचा निळा लिंबू पडताच जांभळा होतो. हळद बेकिंग सोड्याच्या कणकेत घातली की लालसर होते, आणि याचं नवल आपल्याला वाटू नये. हळदीवर क्षार पडला की कुंकू होतं, हे आपल्या घरांना कधीपासूनच ठाऊक आहे.

एक तक्रार मात्र मनापासून करायची आहे. सजावट चवीच्या फार पुढे निघून गेली आहे. चार थरांचं, पाऊण सेंटिमीटर जाडीचं आयसिंग घातलेली कुकी दिसते देखणी, पण दोन घासांत जीभ साखरेनं जड होते आणि उरलेली बशीत राहते. लिचितार हृदयं खाण्यापेक्षा भेट द्यायला आणि जपून ठेवायला करतात, तिथं ते शोभतं. वाढदिवसाच्या ताटात ठेवलेली वस्तू खाल्लीच गेली पाहिजे. आयसिंग पातळ ठेवा, त्यात लिंबाचा रस सढळ घाला म्हणजे गोडाला धार येते, आणि चव कणकेत आणा. जायफळ आणि वेलची आपल्या तोंडाला ओळखीची आहेत, पण एकदा सिमन्सबाईची धण्यांची पूड घालून पाहा. धणे मंद भाजून अगदी बारीक कुटायचे, ३६० ग्रॅम मैद्याला दोन लहान चमचे. त्याला संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. खाणाऱ्यांपैकी कोणालाही ते धणे आहेत हे ओळखता आलं नाही.

ज्या बाया हे घरून विकतात त्यांनी एफएसएसएआयची नोंदणी घरगुती धंद्यालाही लागते हे लक्षात ठेवावं, आणि पावसाळ्यात आयसिंगच्या कुकीची ऑर्डर घेताना गिऱ्हाईकाला आधीच सांगावं की दर जास्त पडेल. वाळवण्याचे तास हीसुद्धा मेहनत आहे, आणि त्या तासांचा हिशोब बहुतेक जणी करत नाहीत.

शेवटी वाचणाऱ्यांना एक विनंती. मराठीत आणि आपल्या हवेत या कुकीचं लिखाण अजून फार थोडं आहे, जे आहे ते परदेशी मापांवरून उतरवलेलं. तुम्ही करत असाल तर वहीत कृती लिहिताना सामानाच्या वर, अगदी पहिल्या ओळीत, गावाचं नाव आणि महिना लिहा. खाली आयसिंग वाळायला किती तास लागले ते लिहा. माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे: डोंबिवली, जानेवारी, साडेचार तास.